नावांनी जड होणारा पाळणा

मित्रांनो, मी एक जुना पाळणा आहे. पाळणा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर रंगीत लाकडाचा, वर चिमण्या टांगलेला पाळणा येत असेल. तो मी नव्हे. मी झाडाच्या सालीचा आहे. ज्या भूर्जाच्या सालीवर तुमच्याकडच्या जुन्या लोकांनी पोथ्या लिहिल्या, त्याच भूर्जाचा एक गोरापान भाऊबंद दूर उत्तरेला, बर्फाच्या मुलखात उगवतो. त्याची साल सोलून, उकळून, शिवून मला बनवलं आहे. सध्या माझा मुक्काम जालना जिल्ह्यात, परतूरला, तातेराव गुरुजींच्या घरी पुढच्या खोलीत आहे. "सायबेरियातून परतूरला? काहीतरीच!" असं तुम्ही म्हणाल. इथले शेजारीही तेच म्हणाले. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो.

सायबेरियात उत्तर सोस्वा नावाची एक नदी आहे. तिच्या काठाने मान्सी नावाचे लोक राहतात. लोक कसले, मूठभर माणसं! एकट्या परतूर गावात जेवढी माणसं आहेत, त्याहून त्यांची अख्खी जमात लहान आहे. नदीत मासे धरायचे, जंगलात शिकार करायची, रेनडिअर राखायचे आणि सहा-सात महिने बर्फात काढायचे, असं त्यांचं जगणं. पण त्या थोड्या माणसांनी जेवढं काही जपलं आहे, तेवढं मोठमोठ्या गावांना जमलेलं मी पाहिलं नाही. मी त्यांच्या घरचा, म्हणून कौतुक करतो असं समजा हवं तर. कौतुक खरंच आहे.

मला अकुलीना नावाच्या बाईनं घडवलं. तिला पहिलं मूल व्हायचं होतं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला झाडात रस चढतो, तेव्हाच साल अलगद सुटते. अकुलीनानं आधी झाडाला सांगितलं, मग फांदीला कापडाची एक चिंधी बांधली आणि नंतरच सुरी लावली. घ्यायचं त्याला विचारून घ्यायचं, ही त्या लोकांची रीत. साल उकळून मऊ केली, झाडाच्या बारीक मुळांचा दोरा केला, कातड्याचे पट्टे लावले. शेवटी माझ्या उशाशी तिनं सुरीच्या टोकानं एक पक्षी कोरला. रानकोंबड्याच्या जातीचा, पण भला मोठा.

तो पक्षी शोभेसाठी नाही बरं का! मान्सी लोक मानतात की माणसाला एकच आत्मा नसतो. पुरुषाला पाच असतात, बाईला चार. असं का, ते मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. त्यातला एक आत्मा झोपेचा. तो ह्या पक्ष्याच्या रूपानं रानात राहतो आणि डोळा लागला की माणसाजवळ येतो. तान्ह्या बाळाची झोप उडू नये म्हणून हा पक्षी उशाशी राखणीला बसवतात. मी आजवर सात लेकरं झोपवली आणि एकाचीही झोप ह्या पक्ष्यानं उडू दिली नाही.

त्यांच्या किती गोष्टी सांगू! तुमच्याकडे दिवेलागणीनंतर सापाचं नाव घेत नाहीत, 'जनावर' म्हणतात. तसंच तिकडे अस्वलाचं नाव घेत नाहीत, 'रानातला म्हातारा' म्हणतात. शिकारीत अस्वल मारावं लागलंच तर त्याला पाहुण्यासारखं घरात आणतात, मानाच्या जागी बसवतात, त्याची माफी मागतात आणि चार-पाच दिवस त्याच्यापुढे गाणी म्हणतात, सोंगं काढतात. त्या सोंगांचे मुखवटे माझ्यासारखेच सालीचे असतात, तेव्हा ते माझे भाऊच लागतात. आणि आणखी एक गोष्ट, जी मी मान ताठ करूनच सांगतो. हे अस्वल मुळात आकाशातल्या देवाचं लेकरू आणि देवानं त्याला जमिनीवर सोडलं ते पाळण्यात बसवून, लोखंडी साखळीनं. आता बोला! आमची जात काही साधीसुधी नाही.

पण माझं खरं काम वेगळंच. मान्सी लोक मानतात की घरात जन्मणारं बाळ नवं नसतं. घरातलंच कुणीतरी गेलेलं माणूस परत आलेलं असतं. कोण आलं, ते ओळखायचं पाळण्यावरून. बाळाला माझ्यात ठेवायचं आणि गेलेल्या माणसांची एकेक नावं घेत मला उचलायचं. नाव चुकीचं असलं की मी हलका उचलला जातो. खरं नाव आलं की मी जड होतो आणि जमीन सोडत नाही. अकुलीनाच्या लेकीला, दारियाला माझ्यात ठेवलं तेव्हा अकराव्या नावाला मी अडलो. अकुलीनाची आजी परत आली होती. त्या दिवशी त्या घरात बायका हसतही होत्या आणि रडतही होत्या. मी खरोखर जड होतो की काय, हे मलाच ठाऊक नाही. तुम्हाला तरी स्वतःचं वजन स्वतःला कुठं कळतं?

त्या घरात गेलेल्यांची नावं एरवी कुणी सहज तोंडातून काढत नसे. पण त्या एका दिवशी सगळी घ्यायची, एकही गाळायचं नाही. त्यासाठी म्हातारी माणसं नावं पाठ ठेवत. बारा-पंधरा पिढ्यांची! त्यांच्याकडे ना वही होती ना शाई. होती फक्त तोंडं आणि कान.

माझे ते दिवस भरभराटीचे होते. दारियानंतर तिची भावंडं, मग तिची स्वतःची मुलं माझ्यात वाढली. तुमच्या दुकानातले डायपर नव्हते, तेव्हा कुजक्या लाकडाचा मऊ भुसा अंथरत. तो ओल शोषून घ्यायचा आणि बाळाच्या अंगाला कधी पुरळ येत नसे. ज्या पाळण्यात मुलं धडधाकट वाढतात, तो पाळणा भाग्याचा. त्याला घराबाहेर जाऊ देत नसत. आणि हो, रिकामा पाळणा तिकडेही हलवत नाहीत. परतूरला आल्यावर इथल्या बायका पोरांना तेच दटावताना ऐकलं आणि मला एकदम आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं.

पुढे वस्ती विरळ झाली. मुलं शिकायला दूरच्या वसतिगृहात गेली, नंतर तेलाच्या शहरांत नोकरीला लागली. त्यांची लेकरं चाकांच्या गाडीत झोपू लागली. मला उंच खांबांवरच्या कोठारात ठेवून दिलं. मी किती वर्षं तिथे होतो ते मोजलं नाही. बर्फ पडायचा, वितळायचा, पुन्हा पडायचा. एकदा शहरातून वस्तुसंग्रहालयाची माणसं आली आणि "हा आम्हाला द्या, काचेत ठेवू," म्हणाली. दारिया आता सत्तरी ओलांडलेली, पण ठणठणीत आवाजाची होती. म्हणाली, "काचेतला पाळणा म्हणजे कायमचा रिकामा पाळणा. नाही देत."

मग दारिया पडली आणि तिच्या मांडीचं हाड मोडलं. शहरातल्या इस्पितळात तिला दोन महिने राहावं लागलं. तिथंच डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला एक सावळी, चुणचुणीत मुलगी होती. ती परतूरची पायल. रशियन भाषा दोघींनाही परकी, त्यामुळे दोघी सावकाश आणि सोप्या शब्दांत बोलायच्या आणि म्हणूनच एकमेकींना नीट समजायचं. हे सगळं दारियानं नंतर मला मांडीवर घेऊन सांगितलं.

एकदा दारियानं विचारलं, "मुली, तुझ्या आजीचं नाव काय?"

"कांताबाई," पायल म्हणाली. मग म्हणाली, "पण त्या माझ्या वडिलांच्या सावत्र आई. जिनं त्यांना जन्म दिला, ती ते आठ महिन्यांचे असतानाच गेली. तिचं नाव आम्हाला माहीत नाही. वडिलांनाही नाही."

दारिया उठून बसायला गेली आणि दुखऱ्या पायानं कळवळली. "नाव माहीत नाही? मग ती परत येणार असेल तर कुठल्या नावानं येईल?"

पायल अशा गोष्टी मानणाऱ्या घरातली नव्हे. पण त्या प्रश्नानं तिला दोन रात्री झोप लागली नाही, असं तिनंच पुढे परतूरला आपल्या वहिनीला सांगितलं. इस्पितळातून घरी गेल्यावर दारियानं मला कोठारातून काढवून घेतलं, ऊबदार कपड्यात गुंडाळलं आणि पायलच्या हवाली केलं. "आमच्या घरातली नावं मला पाठ आहेत. तुमच्या घरात एक हरवलंय. हा तुमच्याकडे जास्त लागेल," एवढंच ती म्हणाली. भाग्याचा पाळणा घराबाहेर द्यायचा नाही, ही रीत तिनं माझ्यासाठी मोडली. ज्यांच्याकडे रीत असते, तेच ती कुठे मोडायची हे जाणतात.

अशा रीतीनं मी स्वेटरांच्या गठ्ठ्यातून विमानानं आणि मग रेल्वेनं परतूरला पोचलो. एप्रिल महिना होता. तिकडे उणे चाळीस सोसलेला मी इथे बेचाळिसाला सामोरा गेलो. माझ्या शिवणी कुरकुरल्या, पण उसवल्या नाहीत. पायलची आई सत्यशीलाबाई यांनी मला उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "सहा वर्षं रशियाला ऱ्हाऊन ही टोपली आनली का गं?" पायलनं सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, "बरं," म्हणाल्या आणि माझ्यात लसूण भरून मला माळ्यावर ठेवलं.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? ज्याच्या जातीनं देवाच्या लेकराला पृथ्वीवर आणलं, त्याच्या नशिबी लसूण! पण दिवाळी आली तरी लसणाची एक पाकळी सडली नाही, कारण भूर्जाच्या सालीत वस्तू टिकते. सत्यशीलाबाई शेजारणींना मला दाखवून म्हणू लागल्या, "बिलकुल खराब व्हत न्हाई बघा ह्याच्यात." कुठंही कामाला आलो, तर मी कुरकुर करत नाही. त्या माझ्या गप्प बसण्याच्या दिवसांत मी ह्या घराला ओळखू लागलो.

ह्या घराचे धनी तातेराव गुरुजी. विज्ञानाचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, खाली पुस्तकांची फळी. गुरुजींचं आवडतं वाक्य एकच : "पुरावा दाखव." अंगारे-धुपारे, नवस, भूतबाधा ह्यांचं नाव काढलं की ते पुढ्यातलं ताट सरकवून वाद घालत. आणि अशा माणसाच्या काळजात साठ वर्षांपासून एक कोरी जागा होती.

त्याचं असं झालं. गुरुजींची आई तापानं गेली, तेव्हा ते आठ महिन्यांचे होते. वडिलांनी दुसरं लग्न केलं. कांताबाई घरात आल्या त्या दिवशी वडिलांनी घरच्या सगळ्यांना जवळ बसवून बजावलं, "आता ह्या लेकराला एकच माय. पहिलीचं नाव कुनी घ्यायचं न्हाई. पोराला सावत्र वाटाया नको." आणि खरंच कुणी घेतलं नाही. कांताबाईंनी पोराला पोटच्यासारखं वाढवलं, दुसऱ्याच्या रानात कापूस वेचून शाळेत घातलं. शाळेच्या दाखल्यावर आई म्हणून त्यांचंच नाव लागलं. गुरुजी मोठे झाले, तेव्हा त्यांना समजलं की आपली एक आई आधी होऊन गेली. पण विचारलं असतं तर कांताबाईंच्या जिवाला लागलं असतं. म्हणून त्यांनी कधीच विचारलं नाही. तीन वर्षांपूर्वी कांताबाई गेल्या. तोवर ते नाव माहीत असलेली माणसंही, एक सोडून, सगळी गेली होती. मित्रांनो, घरातली सगळी माणसं चांगली होती. चांगुलपणापायीच एका बाईचं नाव बुडायला आलं होतं.

मग घरात बाळ आलं. पायलचा थोरला भाऊ सुमित आणि त्याची बायको वंदना यांची ही पहिली मुलगी. बाळंतपण वंदनाच्या माहेरी, हसनाबादला झालं. सव्वा महिन्यानं ती लेकराला घेऊन परतूरला आली आणि रविवारी नामकरण ठरलं. पायलनं लसूण काढून मला पुसलं, उन्हात ठेवलं आणि दारियाची रीत घरच्यांपुढे मांडली. गुरुजींनी चष्मा काढला. ही वादाची खूण.

"बावीस प्रतिज्ञा पाठ हायेत ना तुला?" त्यांनी विचारलं. "मेलेलं मानूस परत येतं, अन् पाळन्याचं वजन वाढतं? एमबीबीएस करून आली तू!"

"पप्पा, मानायचं न्हाईच ते," पायल म्हणाली. "मी बी मानत न्हाई. फक्त नावं घ्यायची. आपल्या घरातल्या बायांची, मोठ्यानं. कधी घेतलीत का आपण?"

गुरुजींनी चष्मा परत लावला. मग म्हणाले, "नावं घ्यायला काही हरकत न्हाई. इतिहास हाय तो." आणि वही घेऊन बसले. सत्यशीलाबाईंनी आपल्या आईचं, आजीचं, पणजीचं नाव सांगितलं. वंदनानं फोनवर आपल्या आजीला विचारून चार नावं सांगितली. गुरुजींनी आपल्या बाजूला 'कांताबाई' असं ठसठशीत लिहिलं. त्याच्या वर एक ओळ मोकळी सोडली आणि पेन तसंच धरून बसले. चहा आला, गार झाला. शेवटी वही मिटून उठले, "वडीगोद्रीला जाऊन येतो," म्हणाले आणि चपला घालून निघाले.

वडीगोद्रीला गुरुजींची आत्या राहते, गोजरबाई. वय ऐंशीच्या पुढे. गुरुजींना ती तात्या म्हणते. ते नाव माहीत असलेलं हे शेवटचं माणूस. दुसऱ्या दिवशी दुपारी गुरुजी तिला घेऊन आले. म्हातारीला कानानं फार कमी ऐकू येतं आणि आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे जगालाच येत नाही, असा तिचा समज आहे. दारातून तिनं हळूच पाणी मागितलं तर समोरच्या घरातली बाई तांब्या घेऊन आली.

गुरुजींचा चेहरा पाहूनच मला कळलं की नाव मिळालेलं नाही. थोड्या वेळानं पायलनं पुन्हा विषय काढला, तेव्हा म्हातारी हात जोडून म्हणाली, "तात्याच्या बापाच्या हातावर हात ठिवला व्हता म्या. 'तात्याला सांगनार न्हाई.' आता दादा गेला म्हून शपथ गेली का गं बाई?"

"आत्या, शपथ-बिपथ काही नसतं," गुरुजी तिच्या कानाशी ओरडून म्हणाले.

"तुझ्या शाळंत नसंल," म्हातारी म्हणाली. "माझ्या तोंडात हाय."

विज्ञानाच्या शिक्षकाला वादात हरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पण ते रागावले नाहीत. बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मला अकुलीनाचं घर आठवलं. तिथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडात पंधरा पिढ्या होत्या. इथे एका म्हातारीच्या तोंडात एकच नाव होतं आणि तेही कुलूप लावून ठेवलेलं. दोघीही खऱ्याच. सायबेरियातली रीतीला जागून बोलायची आणि वडीगोद्रीची वचनाला जागून गप्प बसायची.

संध्याकाळी गोजरबाई एकटीच माझ्याजवळ येऊन बसली. माझ्या उशाचा पक्षी तिनं बोटानं चाचपला. बाळ झोपलेलं होतं. "राखन करतो व्हय रं तू?" तिनं पक्ष्याला विचारलं. पायलनं तिच्या कानात ओरडून पुन्हा सगळी रीत सांगितली. म्हातारीनं शेवटी एवढंच विचारलं, "अन् नाव आत्यानंच कानात सांगायचं असतं ना आपल्यात? ते तर तिकडच्यावानी बदललं न्हाई ना?"

"न्हाई आत्याआजी. ते तसंच हाय."

"बराबर," ती म्हणाली आणि उठून गेली.

रविवारी खोली माणसांनी भरली. तसबिरींना हार घातले, त्रिशरण-पंचशील झालं, चुलीवर खिरीचं पातेलं होतं. गुरुजींनी सकाळीच बाळासकट माझं वजन करून घेतलं होतं. पाच किलो शंभर ग्रॅम. पायलच्याच काट्यावर, दोनदा. "उचलनार मीच," ते सगळ्यांना म्हणाले. "म्हंजी नंतर कुनी म्हनाया नको की बायांनी हातचलाखी केली." लोक हसले. मला खाली सतरंजीवर ठेवलं, आत बाळ, आणि गुरुजींनी माझे पट्टे दोन्ही हातांत धरले.

पायल वहीतून वाचू लागली. सत्यशीलाबाईंची आई. गुरुजींनी मला उचललं, ठेवलं. आजी. उचललं, ठेवलं. वंदनाकडची चार नावं झाली. प्रत्येक नावाला मी फुलासारखा वर जात होतो. 'कांताबाई' म्हटल्यावर गुरुजींनी मला जरा जास्त वेळ वर धरलं, छातीजवळ, आणि मग खाली ठेवलं. पायलनं वहीतल्या मोकळ्या ओळीकडे पाहिलं आणि ती थांबली. खोलीत कुणालाच काही कळेना.

"जरा दम धरा," कोपऱ्यातून आवाज आला. "आत्याचं काम ऱ्हायलंय."

गोजरबाई गुडघ्यांवर हात टेकत उठली, आली आणि माझ्यावर वाकली. पदराचा आडोसा केला. बाळाच्या कानाशी तोंड नेलं आणि तिच्या मते अगदी कुजबुजत म्हणाली :

"तुझ्या आज्याला न्हाई सांगत मी, तुला सांगते. शपथ त्याच्यापुरती व्हती. तुझ्या आज्याची पहिली माय, माझी वहिनी. धुरपता नाव तिचं. धुरपता. लई गोड गळा व्हता. तात्याला झोळीत घालायची अन् रानात गात बसायची. जाताना मला म्हनली, 'गोजर, लेकराकडं बघ.' म्या बघितलं, वहिनी. बराबर बघितलं."

ही कुजबुज खोलीतल्या चाळीस माणसांनी ऐकली. ओट्यावरच्यांनीही ऐकली. चुलीजवळच्या बाईचा डाव खिरीतच राहिला.

"उचला ना," सत्यशीलाबाई हळूच म्हणाल्या.

गुरुजींनी पट्टे ओढले. त्यांचे दंड ताठ झाले, मनगटाच्या शिरा वर आल्या. मी जमीन सोडली नाही. त्यांनी पुन्हा ओढून पाहिलं.

"उचलंना," ते म्हणाले.

कुणी हसलं नाही. गुरुजी माझ्यासमोर गुडघ्यांवर बसले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. ते नाव ते स्वतःच्या तोंडानं म्हणून पाहत होते, आवाज न करता. सहासष्टाव्या वर्षी माणूस आपल्या आईचं नाव पहिल्यांदा उच्चारतो, ते मी इतक्या जवळून पाहिलं.

तेवढ्यात गोजरबाई सरळ झाली आणि तिनं संशयानं सगळीकडे पाहिलं. "कुनी ऐकलं तर न्हाई ना?"

मग सत्यशीलाबाई तिच्या कानाशी गेल्या आणि ओरडल्या, "न्हाई आत्याबाई! काय बी ऐकू आलं न्हाई!" "न्हाई बा," शेजारी म्हणाले. "आमाला कुटं काय," ओट्यावरून कुणीतरी म्हणालं. म्हातारीनं सगळ्यांत शेवटी गुरुजींकडे पाहिलं. ज्या माणसानं चाळीस वर्षं वर्गात पोरांना खोटं बोलू दिलं नाही, तो मान हलवून म्हणाला, "म्या तर बिलकुल न्हाई ऐकलं, आत्या."

"मंग रडून का राह्यला रे, तात्या?"

"असंच."

तिचं समाधान झालं. ती खाली बसली आणि खीर कधी मिळणार म्हणून विचारू लागली. बाळाचं नाव आत्या म्हणून पायलनं ठेवलं, उत्पला. ते आधीच ठरलेलं होतं आणि कुणी बदललं नाही. माणसं पांगल्यावर गुरुजींनी काटा आणला आणि बाळासकट माझं वजन पुन्हा केलं. पाच किलो शंभर ग्रॅम. गुरुजींनी आकडा वहीत लिहिला, मोकळ्या ओळीत नाव लिहिलं आणि 'पुरावा' हा शब्द त्या दिवशी एकदाही काढला नाही.

मित्रांनो, मी जुना झालो आहे. मला सांभाळा, पुसा, ऊन दाखवा, असं मी म्हणायला हवं. पण साल चिवट असते, मी माझं बघून घेईन. नावं मात्र फार नाजूक असतात. ती ज्या तोंडात असतात, ते तोंड एकदा मिटलं की पुन्हा विचारायची सोय नसते. तुमच्या आजीच्या आईचं नाव तुम्हाला माहीत आहे का? तिच्या सासूचं? नसेल, तर आज शाळेतून घरी गेल्यावर दप्तर बाजूला ठेवा आणि घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाजवळ जाऊन बसा. नाव लगेच नाही आठवणार त्यांना. उठू नका.